तांब्याच्या दगडात सोनं कसं येतं, आणि ते इतक्या आडरानातच का सापडतं?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या आणि दहेजच्या तांबे स्मेल्टरमध्ये (धातू वितळवून काढणाऱ्या कारखान्यात) नोकरी करणाऱ्या एका तरुण केमिकल इंजिनिअरने मला विचारलंय: "आमच्याकडे परदेशातून जहाजाने तांब्याचं कॉन्सन्ट्रेट येतं, म्हणजे दगड भरडून आणि टाकाऊ भाग काढून घट्ट केलेली भुकटी. त्यात टनामागे काही ग्रॅम सोनं असतं, ते शेवटी ॲनोड स्लाइममध्ये (विजेने तांबं शुद्ध करताना खाली साचणाऱ्या गाळात) उतरतं आणि आम्ही ते काढतो. पण मुळात तांबं आणि सोनं एका दगडात येतात कसे? या खाणी एकतर वाळवंटात, नाहीतर बर्फाच्या डोंगरात का? सोनं डोळ्यांना दिसत नसताना भूवैज्ञानिक कशाच्या भरवशावर सांगतो की इथे ड्रिल करा? आणि माझे काका 'इतके मीटर, इतके ग्रॅम' अशा बातम्या वाचून परदेशी कंपन्यांच्या शेअर्सकडे ओढले जातात. त्या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा?"

माझी नोकरीची बहुतेक वर्षं खनिजशोधात आणि त्यातही कोअर शेडमध्ये गेली, जिथे ड्रिलने काढलेले खडकाचे दंडगोल (कोअर) ठेवून तपासतात. काकांच्या प्रश्नाचं उत्तर लगेच देता येईल, पण खडक कळल्याशिवाय आकडा कळत नाही. म्हणून आधी खडक.

तुमच्या यार्डात येणाऱ्या कॉन्सन्ट्रेटचा बराचसा भाग पॉर्फिरी प्रकारच्या साठ्यांतला असणार, म्हणजे थिजलेल्या शिलारसाभोवती बारीक शिरांच्या जाळ्यात धातू विखुरलेल्या मोठ्या साठ्यांतला. जगातल्या खाणींतून निघणारं निम्म्याहून जास्त तांबं याच प्रकारातून येतं. हे साठे तयार होतात ते समुद्राचा तळ दुसऱ्या भूपट्टाखाली सरकतो अशा ठिकाणी: अँडीज, फिलिपिन्स, पापुआ, आणि इराणमधून बलुचिस्तानकडे येणारा पट्टा. खाली जाणाऱ्या तळातल्या खनिजांनी पाणी धरून ठेवलेलं असतं. साधारण १०० किलोमीटर खोलीवर ते पाणी सुटतं, वरच्या मँटलमध्ये शिरतं, आणि पाणी आलं की खडकाचा वितळबिंदू खाली येतो. असा जो शिलारस तयार होतो त्याची दोन लक्षणं महत्त्वाची: त्यात पाणी भरपूर असतं, आणि तो ऑक्सिडाइज्ड असतो.

दुसऱ्या लक्षणाचं महत्त्व तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर पटेल. तुमच्या भट्टीत मॅट (धातू-गंधकाचा जड द्रव) आणि स्लॅग (वितळलेल्या खडकाचा हलका द्रव) वेगळे होतात तेव्हा तांबं मॅटमध्ये जातं, आणि सोनं तर तांब्याहूनही हट्टाने मॅटमध्ये जातं. पृथ्वीच्या पोटातही तेच घडतं. शिलारसातला गंधक सल्फाइडच्या (धातूला जोडलेल्या) रूपात असेल तर खोलवरच सल्फाइडचा वेगळा द्रव तयार होतो आणि तांबं-सोनं त्यात अडकून तळाशी बसतं. ऑक्सिडाइज्ड शिलारसात बहुतेक गंधक सल्फेटच्या (ऑक्सिजनला जोडलेल्या) रूपात विरघळलेला राहतो, मॅट वेळेआधी तयार होत नाही, आणि दोन्ही धातू शिलारसाबरोबर वर येतात. तांब्याच्या खाणीत सोनं का, याचं मूळ उत्तर हे आहे. दोघांनाही गंधकाची ओढ आहे, दोघंही एकाच वाहनात बसून निघतात, आणि वाट मोकळी असली तरच वर पोहोचतात.

इथेच आपल्या भागाबद्दलचा एक प्रश्न निकालात निघतो, कारण तो मला वडोदऱ्यात हमखास विचारला जातो: पावागड ज्वालामुखीचाच ना, मग तिथे तांबं-सोनं का नाही? पावागड दख्खनच्या लाव्ह्यांचा आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तो लाव्हा समुद्रतळ खाली जाऊन तयार झालेला नाही. त्यात पाणी कमी, आणि सल्फेटच्या मार्गाने धातू वर आणण्याइतका तो ऑक्सिडाइज्डही नाही. अशा लाव्ह्यांच्या प्रदेशात खनिजं शोधायचीच तर ती वेगळ्या जातीची शोधावी लागतात. सायबेरियातल्या नोरिल्स्कला निकेल, तांबं आणि पॅलेडियम मिळतं ते तिथल्या लाव्ह्यांशी जोडलेल्या शिलारसात निसर्गानेच मॅट तयार केला म्हणून. पावागडावर पॉर्फिरी शोधणं म्हणजे चुकीच्या खडकाला प्रश्न विचारणं आहे.

आता वर येणाऱ्या शिलारसाकडे वळू. साधारण ५ ते १५ किलोमीटर खोलीवर त्याची मोठी कोठी साठते. तिच्या माथ्यातून काही खांबासारखे फाटे वर घुसतात आणि पृष्ठभागाखाली १ ते ४ किलोमीटरवर थिजायला लागतात. दाब कमी झाला की विरघळलेलं पाणी बाहेर पडतं. हे पाणी म्हणजे ६००-७०० अंश सेल्सिअसचा खारा, गंधकयुक्त द्रव आणि त्याच्यासोबतची वाफ. क्लोराइड तांब्याला धरून ठेवतं, गंधक सोन्याला मदत करतो. दाबाने खडक हजारो जागी तडकतो, प्रत्येक तडीत गारगोटी भरते, पुन्हा तडकतो, पुन्हा भरते. ४०० अंशांच्या आसपास आणि त्याखाली उतरताना तांब्याची बहुतेक सल्फाइड खनिजं या शिरांत आणि शिरांच्या कडेला बसतात. सोनं तेव्हा निम्मं लपलेलंच असतं. बोर्नाइट हे तांबं-लोह-गंधकाचं खनिज गरम असताना आपल्या जाळीत सोनं सामावून घेतं, आणि थंड होताना ते सूक्ष्म कणांच्या रूपात बाहेर टाकतं. हे कण कितीतरी वेळा भिंगालाही सापडत नाहीत, सूक्ष्मदर्शक लागतो. म्हणून पॉर्फिरीच्या खाणीत "सोनं दिसलं" असं सहसा कोणी म्हणत नाही. बोर्नाइट आणि मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज) भरपूर दिसले की आपण प्रयोगशाळेच्या निकालाची जरा जास्त आतुरतेने वाट पाहतो, इतकंच.

मग आडरानात उभं राहून दगडात काय पाहायचं? तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सगळ्यांत जवळचा आहे.

तो गरम द्रव धातू टाकून निघून जात नाही. जिथून जातो तिथला खडक तो बदलून टाकतो, आणि हा बदल साठ्यापेक्षा कितीतरी मोठ्या भूभागावर पसरलेला असतो. आम्ही त्याला अल्टरेशन म्हणतो. साठा एक-दोन किलोमीटरचा असेल तर त्याभोवतीचं अल्टरेशन अनेक किलोमीटरचं. प्रॉस्पेक्ट म्हणजे बहुतेक वेळा हे बदललेल्या खडकाचं वर्तुळच असतं. धातू त्यात आहे की नाही हे अजून कळायचं असतं.

बाहेरून चालत आत या. प्रथम खडक हिरवट होतो: क्लोराइट, एपिडोट, थोडं कॅल्साइट. ही सर्वांत दूरची कड. ती ज्वालामुखी प्रदेशात इतरत्रही असते, म्हणून एकट्या हिरव्या रंगावर कोणी पैसे लावू नयेत. आणखी आत गेलं की पांढुरका, हाताला रेशमी लागणारा खडक येतो: गारगोटी, बारीक सेरिसाइट अभ्रक आणि खूप पायराइट (लोह-गंधकाचं खनिज). पायराइट उघड्यावर गंजतो आणि अख्खी टेकडी पिवळी, नारिंगी, तांबडी होते. उपग्रहाच्या चित्रात प्रथम डोळ्यांत भरते ती हीच टेकडी, फोटोही तिचेच काढले जातात. पण या भडक कड्यात तांबं पुष्कळदा किरकोळ असतं. त्याच्याही आत किंवा खाली गाभा असतो: गुलाबीसर पोटॅशियम फेल्डस्पार, चॉकलेटी रंगाचं बारीक बायोटाइट, काळं मॅग्नेटाइट, आणि गारगोटीच्या शिरांचं दाट जाळं. इथे चुंबक खडकाला चिकटतं. सोनंयुक्त पॉर्फिरीत तांबं-सोनं मुख्यतः इथे असतं, आणि नेमका हाच भाग दुरून पाहणाऱ्याला राखाडी, कंटाळवाणा वाटतो.

यंत्रंही याच मांडणीच्या आधाराने वाचावी लागतात. आयपी सर्व्हेमध्ये जमिनीत वीज सोडून सल्फाइडचा प्रतिसाद मोजतात. नवख्या माणसाचा हात नकाशावरच्या सर्वांत लाल ठिपक्याकडे जातो. तो ठिपका बहुधा पायराइटचं कडं दाखवत असतो. तांब्याचा गाभा त्या कड्याच्या आतल्या मध्यम प्रतिसादाच्या जागी, चुंबकीय सर्व्हेत उंचवटा दिसतो तिथे असू शकतो. १९९९ साली अवकाशात गेलेल्या ॲस्टर या उपकरणाने कोरड्या प्रदेशांत सेरिसाइट आणि ॲल्युनाइट (आम्लाने बदललेल्या खडकातलं खनिज) असे खनिजांचे पट्टे वेगळे दाखवायला सुरुवात केली. २००८ मध्ये त्याचे लघु-अवरक्त संवेदक बंद पडले, तरी त्याआधी टिपलेली चित्रं आजही कामाला येतात. ही सगळी साधनं एकाच प्रश्नाभोवती फिरतात: मी या वर्तुळात नेमका कुठे उभा आहे, कडेला, माथ्यावर, की गाभ्यात?

या विचारपद्धतीची ताकद दाखवणारं उदाहरण ॲरिझोनातलं आहे. सॅन मॅन्युएल इथे तांब्याची खाण चालू होती. डेव्हिड लोवेल या भूवैज्ञानिकाने तिथल्या अल्टरेशनचा नकाशा नीट पाहिला तेव्हा त्याला पट्टे अर्धेच दिसले. पलीकडचे पट्टे गायब. त्याने तर्क केला की मुळातला उभा साठा भूहालचालींनी आडवा झाला, नंतर एका फॉल्टने (भूभ्रंशाने) तो कापला, आणि वरचा तुकडा घसरून दुसरीकडे खोलवर गेला असावा. १९६०च्या दशकात त्या जागी ड्रिल केलं आणि उरलेला अर्धा साठा सापडला. त्याला कॅलामाझू म्हणतात. पृष्ठभागावर त्याचा मागमूस नव्हता. या दोन तुकड्यांच्या अभ्यासातून लोवेल आणि जॉन गिल्बर्ट यांनी १९७० मध्ये पट्ट्यांचं जे प्रारूप मांडलं ते पुढे सुधारलं गेलं, पण आजही प्रत्येक नवा मुलगा कोअर लॉग करायला (खडकाची मीटरनिहाय नोंद करायला) शिकतो तो त्यावरूनच.

याच लोवेलने पुढे चिलीच्या अटाकामा वाळवंटात शोधमोहीम चालवली आणि १९८१ मध्ये एस्कोंदिदा सापडली. ती आज जगातली सर्वांत जास्त तांबं देणारी खाण आहे. तिथे वर पाहावं तर तांबं जवळजवळ नाही. कारण पायराइट हवा-पाण्यात कुजला की गंधकाम्ल तयार होतं, ते तांबं धुऊन खाली नेतं, आणि भूजलाच्या पातळीजवळ ते चाल्कोसाइट या तांबं-गंधकाच्या खनिजाच्या रूपात पुन्हा बसतं. वर उरते ती लोहाच्या गंजाची टोपी. त्या गंजाची छटा आणि पोत पाहून खाली कोणतं सल्फाइड होतं याचा अंदाज बांधता येतो: चाल्कोसाइट कुजून उरणारा गंज गडद किरमिजी, निव्वळ पायराइटचा पिवळट. सोनं मात्र या अम्लात सहजी विरघळत नाही, ते वरच राहतं. म्हणून एखाद्या प्रॉस्पेक्टवर पृष्ठभागाच्या नमुन्यांत सोनं बरं आणि तांबं नगण्य आलं, तर "इथे तांबं नाही" असा निष्कर्ष घाईचा. आधी विचारायचं: ते धुपून गेलंय का?

आता आकडे. मंगोलियाच्या गोबीत, चीनच्या सरहद्दीपासून सुमारे ८० किलोमीटरवर ओयू तोलगोई आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात बीएचपी या खाण कंपनीने तिथे ड्रिलिंग केलं, काही तांबं मिळालं, आणि कंपनी बाहेर पडली. २००० मध्ये आयव्हानहो माइन्सने ते हाती घेतलं. त्यांचं लक्षही आधी वरच्या चाल्कोसाइटवर होतं. २००१ मध्ये १५० क्रमांकाच्या खोल बोअरमध्ये सलग ५०८ मीटर ०.८१ टक्के तांबं आणि टनामागे १.१७ ग्रॅम सोनं लागलं.

हा निकाल मोठा का, हे समजून घ्या. ०.८१ टक्के म्हणजे टनाला ८.१ किलो तांबं. भारतातल्या एखाद्या जुन्या शिरेच्या खाणीत याहून श्रीमंत दगड मिळेल. पण इथे अर्धा किलोमीटर लांबीभर तोच दर्जा टिकला, तांबं आणि सोनं दोन्ही एकत्र चढले-उतरले, आणि खडक गाभ्याचा होता. म्हणजे द्रवाच्या मुख्य वाटेवरच बोअर उतरली होती. आकडा, लांबी आणि खडक या तिघांनी एकच गोष्ट सांगितली. तिथल्या उघड्या खाणीतून २०१३ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि भूमिगत भागातून २०२३ मध्ये.

काकांना सांगा, बातमीत "१०० मीटर, टनाला ०.५ ग्रॅम" वाचलं की पुढची "त्यातील" ने सुरू होणारी ओळ आधी पाहायची. समजा त्या ओळीत "त्यातील २ मीटर, २० ग्रॅम" असं आहे. लांबी गुणिले ग्रॅम करा. पूर्ण टप्प्याचे ५० होतात, त्यापैकी ४० त्या दोन मीटरांत. उरलेल्या ९८ मीटरांना टनामागे ०.१ ग्रॅम येतं. म्हणजे शंभर मीटरचा साठा मुळी नाहीच, एक अरुंद शीर आहे आणि तिच्याभोवती साधा दगड. दोन मीटरची २० ग्रॅमची शीर वाईट असते असं नाही, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि वेगळ्या प्रकारे खणावी लागते. सरासरी काढून तिला पॉर्फिरीचं रूप देणं मला अजिबात पटत नाही.

दुसरं पाहायचं ते बोअरची दिशा. शिरेच्या उतारानेच बोअर घातली तर दोन मीटर जाडीची शीर शंभर मीटर "लागते". म्हणून खरी जाडी दिली आहे का ते बघावं. तिसरं, "कॉपर इक्विव्हॅलंट" किंवा "गोल्ड इक्विव्हॅलंट" असा एकत्र केलेला आकडा दिला असेल तर दोन्ही धातू वेगवेगळे शोधून काढावेत; कोणता भाव धरला आणि काढणीत किती धातू हाती येईल असं मानलं, यावर तो आकडा हवा तसा फुगतो. चौथं, खोली: ७०० मीटरखाली सुरू होणारा मध्यम दर्जाचा टप्पा उघड्या खाणीच्या कामाचा नाही. आणि अल्टरेशनचा उल्लेख, शिरांची दाटी, कोणतं सल्फाइड, हे काहीच न सांगता नुसते ग्रॅम सांगणारी बातमी असेल तर मी ती बाजूला ठेवतो.

नमुने कसे घेतले हेही पाहावं लागतं. चांगल्या कामात कोअर लांबीतून दोन भागांत कापतात. अर्धा भाग प्रयोगशाळेत, अर्धा पेटीत कायमचा. पाठवलेल्या नमुन्यांमध्ये माहीत असलेल्या दर्जाचे, धातू नसलेले आणि दुबार नमुने मिसळलेले असतात, म्हणजे प्रयोगशाळेचीही परीक्षा होते. इंडोनेशियातल्या बुसांग प्रकरणात ब्री-एक्स कंपनीच्या नमुन्यांत बाहेरचं सोनं मिसळलेलं होतं हे १९९७ मध्ये उघड झालं. तिथे कोअरचा अर्धा भाग राखून न ठेवता बहुतेक सगळी कोअर भरडली जात होती. ज्याची फेरतपासणी होऊ शकत नाही तो निकाल निकाल नव्हेच. सामान्य लोकांची आयुष्यभराची बचत त्यात बुडाली, आणि म्हणूनच पेटीत पडून राहिलेल्या त्या अर्ध्या कोअरला मी इतकं मानतो.

आडरानाचा प्रश्न राहिला. याची कारणं थोडी निसर्गाची, थोडी माणसाची. पॉर्फिरी एक ते चार किलोमीटर खोलीवर बनते आणि ती बनवणाऱ्या पट्ट्यात डोंगर सतत उचलले जातात. थोडी झीज झाली तर साठा उघडा पडतो, जास्त झाली तर तो धुपून समुद्रात जातो. त्यामुळे जगातले बहुतेक पॉर्फिरी साठे भूवैज्ञानिक हिशेबाने तरुण आहेत आणि तरुण, उंच, खडतर डोंगरांत आहेत. पापुआतली ग्रासबर्ग सुमारे ३० लाख वर्षांची, चार हजार मीटरहून उंचावर. ओयू तोलगोई सुमारे ३७ कोटी वर्षांची असूनही टिकली, कारण ती पुढच्या काळातल्या खडकांखाली गाडली गेली. भारतात मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यातलं मलाजखंड तर सुमारे २४९ कोटी वर्षांचं आहे. तिथे ग्रॅनाइटमधल्या गारगोटीच्या मोठ्या धनुष्याकृती पट्ट्यात तांबं आहे, थोडं मॉलिब्डेनमही आहे, आणि त्याला पॉर्फिरी म्हणावं का यावर आमच्यात अजून एकमत नाही. मला ते त्या कुळातलं वाटतं, फक्त त्याने पुढे फार सोसलंय.

माणसाचं कारण साधं आहे: रस्त्याजवळचे साठे आधीच सापडले. पण आडरानाची खरी अडचण अंतराची नसून डोळ्यांची असते, हे ग्रासबर्गवरून कळतं. १९३६ मध्ये जाँ जाक डोझी या डच भूवैज्ञानिकाला एर्ट्सबर्ग हा काळाभोर धातूचा सुळका दिसला. तो स्कार्न होता: चुनखडीला गरम द्रव भिडून तयार झालेला खडक. तिथे १९७०च्या दशकात खाण सुरूही झाली. अगदी शेजारचं ग्रासबर्ग मात्र १९८८ मध्ये ड्रिल करून कळलं. स्कार्न सापडला की तो द्रव आला कुठून हे विचारायला हवं. तसंच फिलिपिन्समध्ये लेपांतोची एनार्गाइट या तांबं-आर्सेनिक-गंधकाच्या खनिजाची खाण आधीपासून चालू होती आणि तिच्या खालच्या बाजूला फार साउथईस्ट ही सोनंयुक्त पॉर्फिरी निघाली. शेजारी, वर, खाली. एक साठा दुसऱ्याचा पत्ता देत असतो.

भूविज्ञान बरोबर ठरलं म्हणून खाण होतेच असं नाही. बलुचिस्तानातल्या चागई जिल्ह्यात रेको दिक इथे, झिजलेल्या ज्वालामुखींच्या मुळांत, मोठी तांबं-सोन्याची पॉर्फिरी आहे. १९९३ मध्ये शोधाचा करार झाला, २०११ मध्ये खाणपट्टा नाकारला गेला, २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने पाकिस्तानवर सुमारे ५.८ अब्ज डॉलरचा बोजा टाकला, आणि २०२२ मध्ये नव्याने तडजोड झाली. खडक या सगळ्या काळात जिथल्या तिथे होता. अलास्कातल्या पेबल साठ्यावर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२३ मध्ये निर्बंध आणले, कारण त्याच्या खालच्या नद्यांत जगातली एक मोठी सॅमन माशांची वस्ती आहे. मला तो निर्णय योग्य वाटतो. बूगनविलच्या पांगुना खाणीला १९८९ मध्ये स्थानिकांच्या उठावामुळे कुलूप लागलं. कोअर लॉग करणाऱ्या माणसाने खालच्या गावाचं पाणी कुठून येतं हेही आपल्या वहीत लिहावं, असं मी नव्या मुलांना सांगतो. पायराइटच्या त्या भडक टेकडीतून निघणारं अम्ल उद्या त्याच ओढ्यात उतरणार असतं.

आता तुमच्या टेबलावरचा कागद घ्या, कारण या सगळ्या डोंगरांची नोंद तुमच्या हातात दर जहाजाबरोबर येते.

कॉन्सन्ट्रेटच्या ॲसेमध्ये (रासायनिक तपासणीच्या आकड्यांत) तांब्याला गंधकाने भागा. शुद्ध चाल्कोपायराइट या तांबं-लोह-गंधकाच्या खनिजात तांबं ३४.६ टक्के आणि गंधक सुमारे ३५, म्हणजे उत्तर एकच्या आसपास. बोर्नाइटमध्ये तांबं ६३ टक्के आणि गंधक २५.६, उत्तर अडीच. चाल्कोसाइटमध्ये जवळपास ८० आणि २०, उत्तर चार. पायराइटमध्ये तांबं शून्य आणि गंधक ५३ टक्के. त्यामुळे २५ टक्के तांबं आणि उत्तर एकच्या बरंच खाली आलं तर पायराइट सोबत आलाय, म्हणजे दगड बहुधा त्या पांढुरक्या कड्यातला किंवा त्याच्या सीमेवरचा. तांबं ३५ टक्क्यांच्या वर गेलं तर बहुधा बोर्नाइट किंवा चाल्कोसाइट असतो. यातला फरक सोनं सांगायला मदत करतं: तांबं जास्त आणि सोनंही चढं असेल तर खोल, गरम गाभ्याचा बोर्नाइट मनात आणा, तांबं जास्त पण सोनं त्या मानाने साधंच असेल तर वरून धुऊन आलेल्या चाल्कोसाइटचा थर. सोनं पायराइटमध्ये किंवा सुट्या कणांतही बसू शकतं, म्हणून एका जहाजावरून निकाल देऊ नका.

सोन्याचा हिशेबही जुळतो. दगडात ०.५ टक्के तांबं आणि ०.४ ग्रॅम सोनं आहे असं धरा. तांबं २५ टक्क्यांपर्यंत नेलं म्हणजे ५० पट घट्ट केलं. सोनं त्याच प्रमाणात सोबत आलं तर टनाला २० ग्रॅम होतं. प्रत्यक्षात थोडं कमी येतं, कारण काही सोनं प्लवन टाक्यांतून (जिथे फेसावर सल्फाइड तरंगवून वेगळं करतात) टाकाऊ गाळाबरोबर जातं.

आणि आर्सेनिकचा रकाना, ज्याच्यासाठी तुमचे लोक खाणवाल्याकडून दंड कापून घेतात. ते बहुधा एनार्गाइट किंवा टेनान्टाइटमधून येतं, आणि एनार्गाइट हे पॉर्फिरीच्या माथ्यावरच्या आम्लधर्मी टोपीचं खनिज आहे, जिथे खडक ॲल्युनाइट आणि सच्छिद्र गारगोटीचा होतो. चीनमध्ये आयात कॉन्सन्ट्रेटमधल्या आर्सेनिकला मर्यादा आहे, त्यामुळे असा माल मिश्रण करून विकला जातो. अशा मिश्रणावरून खडक ओळखायचा प्रयत्न करू नका. पण एकाच खाणीचा सरळ माल असेल, तर त्याच्या गेल्या काही वर्षांच्या नोंदी तारखेनुसार लावा. आर्सेनिक उतरत गेलं, तांबं-गंधकाचं उत्तर एककडे सरकत गेलं, तर खाण चाल्कोसाइटचा थर आणि टोपी मागे टाकून ताज्या चाल्कोपायराइटमध्ये उतरते आहे. आर्सेनिक अचानक चढलं तर त्यांनी खड्डा टोपीच्या बाजूला रुंद केला असण्याची शक्यता मोठी. पुढच्या करारात दंडाची अट ठरवणाऱ्या तुमच्या खरेदी विभागाला हे आधी कळलेलं बरं.